हवेचा दगड

सरजाबाई माडीवरून खाली आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा तांब्या होता आणि तांब्यात लेट्यूसचं एक रोप उभं होतं. लांबून पानं बरी दिसत होती. तिनं तांब्या लिंबाजीच्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि रोप त्याच्या जाळीच्या पेल्यासकट वर उचललं.

"हे बगा हो. काय झालंय ह्याला?"

मुळं चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. एकमेकांना चिकटून त्यांची शेपटी झाली होती आणि शेपटीच्या टोकातून गढूळ थेंब फरशीवर पडत होते. साचलेल्या नालीसारखा वास खोलीभर पसरला.

"ह्ये एकच न्हाई. कोपऱ्यातल्या टबातली समदीच अशी झालीत," ती म्हणाली.

लिंबाजीला एका नजरेत कळलं. मुळं गुदमरली होती. मोटारीतून निघालेली हवा बारीक नळीनं टबात जाते आणि नळीच्या टोकाला लावलेल्या सच्छिद्र दगडातून बुडबुडे होऊन पाण्यात मिसळते. ते दगड बुजले असणार. पिण्याच्या पाण्याचं मशीन मागच्या महिन्यात बिघडल्यापासून सरजाबाई टबांत बोअरचं पाणी भरत होती, आणि लातूरच्या बोअरचं पाणी म्हणजे निम्मा चुना. पाच मिनिटांचं काम होतं. दगड काढायचे, व्हिनेगरमध्ये भिजवायचे, जुन्या ब्रशनं घासायचे आणि परत लावायचे.

"शाळा," लिंबाजी म्हणाला.

"शाळा?"

त्यानं मान हलवली. डोळे मिटले. 'दगड' हा शब्द त्याच्यासमोर लख्ख उभा होता. त्याचा द, त्याचा ग, हातात घेतल्यावर लागणारा त्याचा खरबरीतपणा. त्यानं तो शब्द जिभेवर आणला, ओठ उघडले.

"शाळा. शाळा... भाकर."

"भूक लागली व्हय? आत्ताच तर उपमा खाल्ला की तुमी." सरजाबाईनं रोप परत तांब्यात सोडलं. "बरं, करते थोड्या वेळानं."

ती स्वयंपाकघरात गेली. लिंबाजी त्या तांब्याकडे बघत पडून राहिला.

बत्तीस वर्षं तो कृषी खात्यात होता. कृषी सहायक म्हणून लागला आणि पर्यवेक्षक होऊन निवृत्त झाला. निलंगा, शिरूर अनंतपाळ, औसा या तालुक्यांतलं एक गाव असं नसेल जिथल्या पारावर उभं राहून त्यानं माती परीक्षणावर, बीजप्रक्रियेवर तास-तासभर भाषण ठोकलं नाही. बोलणं हाच त्याचा धंदा होता म्हणा ना. समाजमंदिरात कुणाची जयंती असो, पुण्यस्मरण असो, माइक शेवटी लिंबाजीकडेच यायचा.

निवृत्त झाल्यावर त्याला माडीवरच्या खोलीत मातीविना भाजी लावायची ओढ लागली. खिडक्या बंद करून, छताला जांभळट दिव्यांच्या पट्ट्या टांगून त्यानं सहा काळे टब मांडले. टबांवर थर्मोकोलची झाकणं, झाकणांना भोकं, भोकांत रोपांचे पेले. मुळं खाली पाण्यात लोंबायची, दुधासारखी पांढरी. ज्या गावात नळाला आठवड्यानं पाणी येतं तिथं घागरभर पाण्यावर महिनाभर पालक कसा निघतो, हे बघायला लांबून लोक यायचे. त्यांना तो सगळं उलगडून सांगायचा. मूळ म्हणजे नुसतं तोंड नाही, नाक पण आहे, असं म्हणायचा. रोज सकाळी तो प्रत्येक टबाला कान लावून आतला बुडबुड आवाज ऐकायचा, मगच चहा घ्यायचा.

सरजाबाईला मात्र त्या खोलीत मज्जाव होता. चपला बाहेर काढ, दार उघडं टाकू नको, हात धू, आणि शेवटी काय, तर आत येऊच नको. ती अंगणवाडी सेविका म्हणून सव्वीस वर्षं नोकरी केलेली बाई. वजनाचे तक्ते, लसीकरणाच्या नोंदी, सगळं चोख ठेवणारी. शिकवलं असतं तर दोन दिवसांत शिकली असती. एकदा तिच्या दुधाच्या पातेल्यात त्यानं पांढरे गोटे भिजत घातलेले तिला सापडले होते.

"माझ्या पातेल्यात दगडं कामून घातलेत हो? कशाची हायत ही?"

"असू दे. तुला न्हाई कळायचं ते."

एवढंच. पातेलं घासून तिनं फळीवर ठेवलं होतं आणि पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी तो वरच्या खोलीत टब धूत असताना उजवा हात आपला नसल्यासारखा खाली पडला. सरजाबाईला तो सापडला तेव्हा भिंतीला टेकून बसला होता, वाकडं तोंड घेऊन, आणि पाइपातलं पाणी त्याच्या मांडीवरून वाहत होतं. दवाखान्यात अकरा दिवस काढले. पाय थोडा सुधारला. धरलं तर चार पावलं टाकता यायची. हात तसाच राहिला. आणि बोलणं गेलं.

"यांना सगळं समजतंय," डॉक्टर म्हणाले होते. "शब्द आत आहेत, पण बाहेर यायची वाट बिघडलीय. मनात एक असेल, तोंडातून दुसरंच येईल. लिहिण्याचंही तसंच. वेळ लागेल."

किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. तीन महिन्यांत एकच शब्द त्याच्या तोंडात घर करून बसला होता, तो म्हणजे होकाराचा 'हाव'. चहा हवा असला तरी हाव, नको असला तरी हाव. पंखा लावू का, हाव. पंखा बंद करू का, हाव. सरजाबाई बिचारी त्यातल्या त्यात अंदाज बांधायची आणि निम्म्या वेळा तो चुकायचा.

तरीही दिवसातून दोनदा ती माडी चढत होती. टबावरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि 'अ' आणि 'ब' अशा दोन बाटल्यांतलं द्रावण टोपणानं मोजून घालायचं. आजारपणाआधी त्याला ते करताना दारातून बघून बघून तिनं एवढंच उचललं होतं. बाकी काही तिला ठाऊक नव्हतं. झाकण बंद असतं, बुडबुडे वरून दिसत नाहीत, ते ऐकावे लागतात, हे तिला कोण सांगणार?

भाकरी घेऊन ती आली तेव्हा लिंबाजीनं डाव्या हातानं ताट बाजूला सारलं. तांब्याकडे बोट केलं, मग कानाकडे. परत तांब्याकडे, परत कानाकडे.

"कान दुखायला?"

"हाव," तो म्हणाला आणि स्वतःच्याच तोंडाचा त्याला संताप आला. त्यानं जोरानं मान हलवली. कानाला हात लावून वरच्या छताकडे दाखवलं. ऐक. वर जाऊन ऐक.

सरजाबाईनं कपाटातून कानात घालायच्या थेंबांची बाटली आणली.

थेंब कानात पडले, कोमट आणि तेलकट. मान एका कुशीला करून तो पडून राहिला आणि पुढचा उपाय शोधू लागला. फुंकर! हवा म्हणजे फुंकर. ती उठायच्या आत त्यानं तिचा पदर धरला आणि फुंकर मारायला गेला. पण ओठांचा चंबू होईना. उजवा ओठ लोंबता राहिला, वारा नुसताच बाहेर सुटला आणि हनुवटीवर लाळ आली. सरजाबाईनं पदराच्या टोकानं ती टिपली.

"ऱ्हाऊ द्या. उगं जिवाला तरास करून घेऊ नका. मी बघते काय करायचं ते."

दुपारी तिनं जुनी अंगणवाडीची वही आणि पेन त्याच्या डाव्या हातात दिलं. ही तिची स्वतःची कल्पना होती आणि ती चांगली होती. लिंबाजीनं अक्षर काढायला घेतलं, पण 'द' कसा वळतो तेच हाताला आठवेना. बत्तीस वर्षं ज्यानं अहवाल लिहिले त्या माणसाला 'द' येईना. म्हणून त्यानं चित्र काढलं. एक गोल, आणि गोलातून वर निघणाऱ्या रेघा. दगड आणि बुडबुडे.

सरजाबाईनं वही लांब धरून निरखली.

"सूर्य?" ती म्हणाली. "उजेड लई होतोय का झाडायला? वरचे दिवे बंद करू?"

लिंबाजीनं दात आवळले. तोंड उघडायचंच नाही असं ठरवलं. पण तिनं पुन्हा विचारलं, "करू का बंद?", आणि तो शब्द उलटीसारखा आपोआप बाहेर आला.

"हाव."

दोन दिवस रोपं अंधारात राहिली.

त्यांची मुलगी प्रियदर्शनी नांदेडला असायची. विष्णुपुरीच्या एका कॉलेजात ती प्रयोगशाळेचं काम बघायची आणि परीक्षांचे दिवस असल्यानं तिला रविवारशिवाय सुटता येणार नव्हतं. तिनं सोमवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. सरजाबाईनं आधी तिला दिवे बंद केल्याचं सांगितलं आणि ती ओरडलीच.

"आई, दिवे लाव आधी! उजेडानं मुळं सडत नाहीत. मी वाचलंय सगळं. मुळं सडतात दोन कारणांनी. पाणी गरम झालं तर, नाहीतर हवा कमी पडली तर. पाणी बदललंस का?"

"बदललं की. मुळंबी धुतली. दोन दिस बरी दिसली, परत तसंच."

"आणि हवेची मोटार? ती चालू आहे ना?"

पलंगावर लिंबाजी उठून बसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी योग्य प्रश्नापाशी आलं होतं.

"चालू हाय. घुर्र घुर्र करायलीय दिसरात," सरजाबाई म्हणाली.

"हात लावून बघ, थरथरतेय का."

सरजाबाई फोन घेऊन वर गेली. लिंबाजी तिची एकेक पायरी मोजत राहिला. वरून तिचा आवाज आला, "थरथरायलीय गं, चांगली गरम हाय."

"मग हवेचा प्रश्न नाही," फोनच्या स्पीकरवरून मुलगी म्हणाली, तेही खालपर्यंत ऐकू आलं.

लिंबाजीनं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर डाव्या हाताची मूठ आपटली. एकदा, दोनदा, पाच वेळा. मोटार चालू आहे, पण हवा पोचत नाही! मोटारीचं काय विचारता, दगडाचं विचारा! सरजाबाई घाबरून धावत खाली आली. फोनच्या पडद्यावर पोरीचा चेहरा कावराबावरा झालेला दिसला.

"बाबा, काय होतंय? हवेचंच काही आहे का? मोटार बदलायची का? मानेनं सांगा."

त्यानं मान हलवायला सुरुवात केली. आडवी, कारण मोटार नव्हे. मग उभी, कारण हवा हे बरोबर. मग पुन्हा आडवी. दोन प्रश्न एकदम विचारले होते आणि मान एकच होती.

"आई, त्यांना त्रास होतोय. आज राहू दे," प्रियदर्शनी हळू आवाजात म्हणाली. "मी रविवारी सुगतला घेऊन येते."

सुगत म्हणजे तिचा नवरा. रविवारला अजून सहा दिवस होते.

मधेच बुधवारी मल्लिनाथ आला. हा लिंबाजीचा जुना मित्र, मूळचा निलंग्याचा. लातुरात त्याचं खत-औषधांचं दुकान होतं आणि आजारपणात दर आठवड्याला येऊन बसणारा तोच एक होता. सरजाबाईनं त्याला वर नेलं. खाली आला तो हात पुसत पुसत.

"वैनी, ही बुरशी हाय. मी गेली चाळीस वर्षं बघायलोय. मातीतली काय अन् पाण्यातली काय, तिला औषध एकच. गाडीच्या डिक्कीत पुडा हाय, आत्ता घालू आपण."

लिंबाजी धडपडत उठून बसला. मातीत औषध मुरतं, पसरतं. पण टबातल्या पाण्यात ती भुकटी थेट मुळांना जाऊन भिडणार होती, आणि मल्लिनाथचा हात सढळ होता. पाच टबांतली रोपं अजून तग धरून होती. त्यांची मुळं भुरकट झाली असली तरी टोकं जिवंत होती. एवढी भुकटी ती सोसणार नव्हती.

त्यानं मल्लिनाथच्या मनगटाला धरलं. गच्च धरलं. त्याच्या डोळ्यांत बघून सगळी ताकद एकवटून 'नको' म्हणायला गेला.

"हाव! हाव! हाव!"

"बगा वैनी," मल्लिनाथ म्हणाला, "लिंबाजीबी तेच म्हणायलाय. डोकं शाबूत हाय त्याचं." त्यानं मित्राच्या हातावर थोपटलं, हळूच आपलं मनगट सोडवून घेतलं आणि डिक्कीतला पुडा घेऊन जिना चढला.

गुरुवारी सकाळी पालकाची पानं कडेनं करपली होती. शुक्रवारी तुळस झुकली. सरजाबाई एकेक रोप खाली आणून त्याला दाखवायची, कारण न दाखवता टाकून द्यायला तिचं मन होत नव्हतं. पुदिन्याच्या टबातली तेवढी मुळं तिसऱ्या दिवशीही निम्मी पांढरी होती. लिंबाजीनं ती डाव्या हातात धरून बराच वेळ बघितली.

शनिवारी साडेदहाच्या सुमारास सरजाबाई त्याच्या गोळ्या आणायला बाहेर पडली. "अर्ध्या तासात येते, उठू नका," म्हणाली. दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली.

फाटकाचा आवाज झाल्याबरोबर लिंबाजी उठला.

काठीच्या आणि भिंतीच्या आधारानं तो जिन्यापर्यंत पोचला, हेच त्याला मोठं वाटलं. पंधरा पायऱ्या होत्या. आठवीला वळण आणि तिथं गल्लीकडे उघडणारी छोटी खिडकी. उभं राहून चढणं शक्यच नव्हतं. तो पहिल्या पायरीवर वरच्या दिशेला पाठ करून बसला, डावा हात मागच्या पायरीवर टेकवला, डावा पाय रेटला आणि अंग वर ओढलं. उजवा पाय मागनं फरफटत आला. दुसरी पायरी. तिसरी. चौथीला त्याला धाप लागली. एप्रिलचं ऊन भिंतीतून आत झिरपत होतं, बनियन पाठीला चिकटलं होतं. पुदिन्याचा एक टब तरी, असं त्याच्या मनात होतं. एकच दगड काढायचा, फरशीवर घासायचा.

आठव्या पायरीच्या वळणावर जागा रुंद होती. तिथं वळताना उजवा पाय त्याच्याच मांडीखाली दुमडला गेला. काठी हातातून निसटली आणि खडखडत पार खालपर्यंत गेली.

त्यानं पाय सोडवायचा प्रयत्न केला. त्यासाठी डावा हात उचलावा लागत होता, आणि हात उचलला की सगळं अंग खाली घसरू लागायचं. दोनदा घसरला. मग त्यानं कठडा धरून ठेवला आणि हलणं सोडून दिलं.

वर दाराआडून मोटारीची घुरघुर येत होती. एवढ्या जवळून ती स्पष्ट ऐकू येत होती, आणि बाकी काही ऐकू येत नव्हतं. बुडबुड्यांचा आवाज नव्हताच.

किती वेळ गेला कळलं नाही. पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही थांबल्या. खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कपडे झटकत होतं. शेजारची सून, आरती. तिच्या बांगड्या वाजत होत्या. हाक मारली तर ती दोन मिनिटांत आली असती. लिंबाजीनं छाती भरून श्वास घेतला. 'आरती' म्हणायचं होतं, 'पोरी, ये' म्हणायचं होतं, नुसतं 'ये' आलं असतं तरी चाललं असतं.

तोंडातून त्रिसरण बाहेर पडलं.

अडखळत नाही, चाचरत नाही. स्वच्छ, चढ्या सुरात, जसं तो समाजमंदिरात म्हणायचा तसं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून पाठ झालेले बुद्धवंदनेचे पाली शब्द एकामागून एक आपणहून चालत आले. त्याला स्वतःलाच धक्का बसला. आवाज आला, शब्द आले, पण जे हवे होते ते नव्हते. थांबावं म्हटलं तर थांबता येईना, कारण थांबला तर हा आवाजही जाईल अशी भीती वाटली. त्रिसरण संपलं, पंचशील सुरू झालं. गळ्याच्या शिरा ताणून तो ओरडत होता. त्याला मदत पाहिजे होती, आणि ऐकणाऱ्याला वंदना ऐकू जात होती.

बांगड्या थांबल्या. "अगं बाई, काका वंदना म्हणायलेत," आरती घरात कुणाला तरी म्हणाली. "आवाज किती मोकळा झालाय बघा. बरं वाटायलं असेल आता." तिनं उरलेले कपडे दोरीवर टाकले आणि गच्चीचं दार लावून ती आत गेली.

औषधाच्या दुकानात गर्दी होती, एक गोळी दुसरीकडून आणावी लागली. सरजाबाईला यायला साडेबारा वाजले. फाटकातच आरतीनं तिला आनंदानं बातमी दिली, म्हणून ती हसतच घरात शिरली. पलंग रिकामा. मग जिन्याच्या तळाशी काठी.

वळणावर तो दिसला तेव्हा त्याची मान छातीवर पडली होती, ओठ अजून हलत होते, पण आवाज संपला होता. धोतर ओलं झालं होतं. सरजाबाईनं आधी पाय सोडवला. मग त्याच्या दंडावर एक फटका मारला, आणि मग दुसरा.

"मरायचं होतं का? मरायचं होतं का तुमाला? त्या पालापाचोळ्यासाठी?"

ती पायरीवर बसून रडायला लागली. लिंबाजीला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण कठडा सोडला तर दोघंही खाली गेली असती.

रविवारी प्रियदर्शनी आणि सुगत आले. आदल्या दिवसाचं ऐकून प्रियदर्शनी बापाच्या पलंगावर जाऊन बसली. मग म्हणाली, "बाबांना वर न्यायचं. त्यांना काय दाखवायचंय ते बघू तरी." सुगतनं आणि शेजारच्या एका माणसानं त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं.

पावणेतीन महिन्यांनी तो त्या खोलीत आला. जांभळ्या उजेडात पाच टब रिकाम्या भोकांचे होते. सहाव्यात पुदिना होता, काळपट, मान टाकलेला. खुर्ची त्या टबाशी लावल्याबरोबर लिंबाजीनं वाकून झाकण उचकटलं, दंडापर्यंत हात पाण्यात घातला आणि नळी ओढून काढली. टोकाला दगड होता. खडीसाखरेच्या खड्यासारखा वरून पांढरं कवच चढलेला. त्याच्या एका फटीतून एकच बुडबुडा निघाला आणि फुटला.

त्यानं तो सुगतच्या तोंडासमोर धरला.

सुगतनं नखानं खरवडलं. पांढरी भुकटी पडली. त्यानं नळीतून दगड उपटला आणि मोकळी नळी पाण्यात बुडवली, तसा टबात एकदम खळखळाट झाला.

"मोटार चालू होती, पण हवा बाहेर येत नव्हती," प्रियदर्शनी म्हणाली. "सगळ्या टबांत हेच असणार."

सरजाबाईनं सुगतच्या हातातून तो दगड घेतला. उलटसुलट करून पाहिला.

"ही तुमी माझ्या पातेल्यात भिजू घातली होती," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी इचारलं होतं तुमाला. कशाची हायत म्हणून. तुमी म्हणलात, तुला न्हाई कळायचं."

लिंबाजीला म्हणायचं होतं, चूक माझी आहे, सगळी माझी, मी गावोगाव बोलत फिरलो आणि तुला चार वाक्यं सांगितली नाहीत.

"हाव," तो म्हणाला.

तिला ते उत्तर वाटलं की नेहमीचाच तो शब्द, हे तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं नाही.

दुपारभर सुगतनं दगड घासले, टब धुतले, पुदिन्याची मेलेली मुळं कात्रीनं काढून तो परत लावला. त्याच्या अंगात उत्साह संचारला होता. "नवीन बी टाकू. मी भिंतीवर कागद चिकटवून जातो, कधी काय करायचं ते सगळं लिहून. आई, एकदम सोपं आहे."

"न्हाई," सरजाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याच्यानं हुईना आता. ह्यायला उठवायचं, न्हाऊ घालायचं, खाऊ घालायचं, अन् पुन्हा ही पंधरा पायऱ्या. झाड मेलं की मला वाटायचं, आता ह्यायलाबी काही हुईल. रोज सकाळी दार उघडताना छातीत धडधडायचं." तिनं रिकामी बादली उचलली. "हे घेऊन जावा कुणीतरी."

प्रियदर्शनी बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा."

सरजाबाई रिकामी बादली घेऊन खाली निघाली होती आणि लिंबाजी तिच्याकडे बघत होता. ती जिना आडवी उतरत होती. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, एक हात भिंतीला. दर पायरीला थांबत होती. तीन महिने ती अशीच उतरत असणार, आणि तो पलंगावरून फक्त तिच्या हातातल्या रोपाकडे बघत आला होता.

त्यानं डोळे मिटून घेतले. त्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

पुदिना मंगळवारी मेला. बुधवारी मल्लिनाथनं टेम्पो आणला. त्याच्या गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाला टब, दिवे, मोटार सगळं हवं होतं. सामान उतरवताना लिंबाजीचं लक्ष जाऊ नये म्हणून मल्लिनाथ त्याच्याशी मोठमोठ्यानं पावसाच्या अंदाजावर बोलत राहिला, आणि लिंबाजी योग्य जागी हाव म्हणत राहिला. सामान गेलं. सरजाबाईनं वरची खोली धुऊन काढली आणि खिडक्या उघड्या टाकल्या.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती त्याच्या पलंगाजवळ सतरंजी टाकून आडवी झाली. आजारपण आल्यापासून तो तिला दिवसा झोपलेली पहिल्यांदाच बघत होता. तोंड किंचित उघडं, एक हात डोक्याखाली. ती कुशीवर वळली तशी अंगावरची चादर सरकली आणि पावलं उघडी पडली. टाचांना भेगा होत्या आणि भेगांत टबातल्या पाण्याचे पांढरे क्षार बसले होते. पंख्याचा वारा थेट पायांवर येत होता.

लिंबाजी पलंगाच्या कडेला सरकला आणि डावा हात खाली सोडून चादरीचं टोक धरायला बघू लागला. वीतभर अंतर राहत होतं. तो आणखी सरकला, पण पलंग करकरला तसा थांबला, ती जागी होईल म्हणून. थोडा वेळ हात तसाच लोंबत ठेवून त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मग हात वर घेतला आणि तिच्या पावलांकडे बघत पडून राहिला.